तीन पाण्यांत धुतलेली वाळू

बुरशी म्हटलं की आपली माणसं नाक मुरडतात. पावाला लागते ती, लोणच्यावर चढते ती, बाथरूमच्या कोपऱ्यात काळी पडते ती. त्यामुळे मी काय काम करते असं कुणी विचारलं की "मातीवर संशोधन करते" एवढं सांगून मी मोकळी व्हायचे. एकदा मंडळाच्या गणपतीत एका गृहस्थांना खरं सांगून बसले, तर त्यांनी हातातली शिऱ्याची वाटी माझ्यापासून लांब धरली. तेव्हापासून कानाला खडा.

काकूंनाही मी तेवढंच सांगितलं होतं. काकू आमच्या रस्त्यावर चार घरं सोडून राहतात. नात्याच्या कुणी नाहीत, पण माझं बाळंतपण त्यांनी काढलं, कारण आईला व्हिसा वेळेत मिळाला नाही. काका डॉक्टर होते. ही दोघं इथे आली तेव्हा आमच्या ह्या अ‍ॅशबर्न गावात डेटा सेंटरं नव्हती, शेतं होती, आणि मेथीच्या जुडीसाठी तासभर ड्राइव्ह करावा लागायचा. काका गेले, मुलं कॅलिफोर्नियात, आणि एवढ्या मोठ्या घरात काकू एकट्या. त्यांचा जीव दोन गोष्टींत. एक गॅरेजमधला आडवा डीप फ्रीजर, त्यात ओल्या खोबऱ्यापासून पुरणपोळ्यांपर्यंत सगळं ठासून भरलेलं. दुसरा काकांनी लावलेला कढीपत्ता. पिंपाएवढ्या कुंडीतलं झाड, उन्हाळ्यात मागच्या लाकडी डेकवर, थंडीत दिवाणखान्याच्या खिडकीशी. आजूबाजूच्या सगळ्या मराठी घरांच्या फोडण्या त्याच्या जिवावर चालायच्या.

माझं काम असं होतं. झाड हवेतला कर्बवायू घेऊन साखर तयार करतं, हे शाळेत शिकवतात. त्यातली बरीचशी साखर ते मुळांतून खाली पाठवतं आणि मुळांना धरून राहणाऱ्या बुरशीला खायला घालतं, हे कुणी शिकवत नाही. बुरशीचे धागे केसाहून बारीक. मुळाला जिथे शिरता येत नाही तिथे ते शिरतात, पाणी आणतात, नत्र आणतात, झाडाला देतात आणि बदल्यात साखर घेतात. पुढे धागे मरतात, मातीच्या कणांना चिकटून राहतात, आणि हवेतला कर्ब असा जमिनीत मुरतो. निदान मुरत असावा. कारण इथल्या ओक वृक्षांच्या मुळांवरची बुरशी मोठी उपद्व्यापी. नत्राच्या हव्यासापायी ती जमिनीतला जुना साठाही कुरतडते, आणि कुरतडलेला कर्ब पुन्हा हवेत जातो. मग ही बया साठवते जास्त की उधळते जास्त? माणसं आयुष्यात काय काय मागतात. मला एवढ्या एका प्रश्नाचं उत्तर हवं होतं.

त्यासाठी मी पिशव्या पुरल्या होत्या. तळहाताएवढ्या, बारीक जाळीच्या. जाळीची भोकं अशी की मूळ आत जाऊ नये, बुरशीचा धागा मात्र जावा. आत भट्टीत भाजलेली वाळू, म्हणजे कर्बाचा मागमूस नाही. काही वर्षांनंतर त्या वाळूत जो कर्ब सापडेल तो जवळजवळ सगळा बुरशीने आणलेला. काही पिशव्यांत वाळूबरोबर जुनी माती मोजून घातली होती, ती घटते का हे बघायला. गावाबाहेर एका जुन्या शेताच्या कडेला ओक आणि मेपलची राई होती. मालकाला विचारून मी तिथे पिशव्या पुरल्या तेव्हा माझी लेक रांगत होती. दरवर्षी त्यातल्या थोड्या काढायचे. पण राखून ठेवलेल्या पिशव्यांना मी हातही लावला नाही. त्या मुरायला हव्या होत्या. लेक आता ड्राइव्हिंग शिकते आहे, यावरून समजा.

आणि ती राई विकली गेली. जेवताना नवऱ्याने सांगितलं.

"ती जागा गेली यार. डेटा सेंटर होतंय. जूनमध्ये साइट क्लिअर करणार."

"आणि झाडं?"

"क्लिअर म्हणजे काय वाटलं तुला?"

तो स्वतः डेटा सेंटरमध्येच काम करतो, भलत्याच कंपनीच्या. त्या राईशी त्याचा काडीचा संबंध नाही. पण राग काढायला घरात तोच होता, तेव्हा दोन दिवस मी त्याच्याशी धड बोलले नाही.

त्याच सुमारास माझ्या प्रकल्पाची मुदत संपली. युनिव्हर्सिटीतली माझी खोली दुसऱ्यांना गेली, फ्रीजर गेला, मदतीला असलेले दोघे दुसरीकडे लागले. दुसऱ्या राज्यातली एक प्राध्यापक बाई एवढंच म्हणाली, की त्या जुन्या पिशव्या घेऊन ये, माझ्या यंत्रावर तपासू, आणि काही निघालं तर तुझ्यासाठी जागा मागता येईल. बुधवारी निघायचं ठरलं. म्हणजे माझं काम, माझी नोकरी, माझ्या प्रश्नाचं उत्तर, जे काही उरलं होतं ते सगळं त्या झाडांखाली पुरलेलं होतं. आणि नव्या मालकाने रविवारपर्यंतच आत जाऊ दिलं होतं.

शुक्रवारी मी एकटीच गेले. दिवसभर गुडघ्यांवर बसून ओकखालच्या सगळ्या पिशव्या काढल्या. एक पिशवी उन्हाकडे धरली तर आत पांढरी जाळी दिसली, कोळ्याने विणावी तशी, वाळूच्या कणाकणाला धरून. मला तिथेच रडू फुटलं. काहीतरी होतं तिच्यात. एवढी वर्षं अंधारात कुणीतरी काम करत होतं आणि ते आता माझ्या हातात होतं.

आमच्या टाउनहाउसच्या फ्रीजमध्ये एवढ्या पिशव्या मावणं शक्य नव्हतं. मी काकूंकडे गेले.

"काय गं हे?"

"वाळूच्या पिशव्या आहेत, काकू. बुधवारपर्यंत ठेवा. ओल्या आहेत, तेवढ्या खराब होऊ देऊ नका. माझा जीव आहे त्यात."

काकूंनी पुरणपोळ्यांचे डबे बाजूला सारले. "बरं. तुझा जीव मटारांच्या शेजारी ठेवते. चालेल ना त्याला?"

मी हसले. मेपलखालच्या पिशव्या शनिवारी काढायच्या असं मनाशी ठरवून घरी जाऊन झोपले.

शनिवारी दुपारी वादळ आलं. इथली उन्हाळी वादळं तशी नेहमीचीच, पण ह्या वेळी अर्ध्या गावाची वीज गेली. झाडं रस्त्यांवर आडवी. फोनला सिग्नल नाही. डेटा सेंटरांचे जनरेटर मात्र धडधडत होते. सगळं गाव अंधारात, आणि त्या बिनखिडक्यांच्या इमारतींचे दिवे लखलखीत. नवरा तिथेच अडकला, ड्यूटीवर. लेक मैत्रिणीकडे. काकूंच्या फ्रीजरची मला फारशी काळजी वाटली नाही. ठासून भरलेला फ्रीजर उघडला नाही तर दोन दिवस सहज थंड राहतो, हे मला माहीत होतं. काकूंना ते माहीत आहे की नाही, हा विचार डोक्यात आलाच नाही.

रविवारी मी कशीबशी राईपर्यंत पोचले. खड्डा खणला की पाणी भरायचं. चिखलात हात घालून चाचपडत होते. दोन पिशव्या सापडल्या, दोन्ही फाटलेल्या, आत नुसता चिखल. खुणेच्या काठ्या वाहून गेल्या होत्या. अंधार पडेपर्यंत मी तिथे होते, आणि शेवटी शेवटी तर मी खणत नव्हते, नुसती माती उपसत होते. सोमवारी पहाटे पुन्हा गेले तर फाटकाला कुलूप, आणि आत पिवळं यंत्र सुरू. हेल्मेट घातलेल्या माणसाला मी विनवलं. फक्त एक तास द्या म्हटलं. तो वाईट नव्हता. "मॅम, आय कान्ट," म्हणाला, आणि खरोखरच त्याच्या हातात काही नव्हतं. माझ्या डोळ्यांदेखत पहिला मेपल आडवा झाला. त्या झाडाचा घेर मी दर वर्षी टेपने मोजला होता.

गाडीत बसून मी स्वतःला समजावलं. ओकच्या तरी आहेत. खरा प्रश्न ओकचाच होता. मेपल फक्त तुलनेला. ओकच्या पिशव्या आहेत, सुरक्षित आहेत, बुधवारी निघायचं. हे मी मोठमोठ्याने म्हणत काकूंच्या घरापर्यंत आले.

बेल वाजत नव्हती, म्हणून मागच्या बाजूने गेले. डेकवर काकूंच्या दोन जुन्या सुती साड्या अंथरल्या होत्या. त्यांवर वाळूचे लहान लहान ढीग, ओळीने, कडक उन्हात. प्रत्येक ढिगाशी त्याची रिकामी पिशवी आणि पिशवीवर माझ्या अक्षरातली चिठ्ठी, उडू नये म्हणून वर खडा. कुर्डयांचं वाळवण घालतात तसं. काकू खुर्चीत बसल्या होत्या, हातात काठी, चिमण्या हाकायला.

"आलीस? अगं केवढी काळजी लागली होती. लाइट गेले, फ्रीजरमधून पाणी गळायला लागलं. तुझ्या पिशव्या उघडून बघते तर बुरशी लागलेली. पांढरी, सगळीकडे. म्हटलं पोरीने जीव आहे म्हणून ठेवायला दिलं आणि माझ्या घरात खराब झालं. मग एकेक पिशवी उसवली, तांदूळ धुतात तशी तीन पाण्यांत धुतली. नितळ पाणी येईपर्यंत. आता वाळली की पुन्हा शिवून देते. आणि बघ, एकीची वाळू दुसरीत जाऊ दिलेली नाही."

खरंच जाऊ दिलेली नव्हती. मी खाली बसले आणि पहिल्या ढिगातली वाळू हातात घेतली. स्वच्छ. चकचकीत. पुरताना होती तशी. सगळे ढीग तसेच. कुठे एक धागा नाही, मातीचा एक कण नाही. मी ढिगामागून ढीग बघत गेले, जणू पुढच्यात काही असणार होतं.

"काकू, ती बुरशीच हवी होती मला," मी म्हटलं. "तेच माझं काम आहे. माती नाही, वाळू नाही. बुरशी. इतकी वर्षं मी तिच्यासाठी थांबले होते. तुम्ही धुऊन टाकलीत. सगळी धुऊन टाकलीत तुम्ही."

"तू तर माती म्हणाली होतीस," काकू म्हणाल्या.

"मला विचारायचं तरी."

"फोन लागत नव्हता गं."

तेही खरंच होतं. सगळंच खरं होतं, आणि म्हणून तर मला वेड लागायची वेळ आली. भांडायलासुद्धा जागा नव्हती.

"पाणी? धुतलेलं पाणी कुठे टाकलंत?"

"टाकेन कशाला? कढीपत्त्याला घातलं. तांदळाचं धुवण घालते तसंच."

मी कुंडीकडे धावले. काही उपयोग नाही हे मला माहीत होतं. सगळ्या पिशव्यांचं पाणी एकत्र, त्यात काकूंची शेणखताची माती, नळाच्या पाण्यातलं क्लोरिन, भर उन्हाचा चटका. त्यातून काहीही वेगळं काढता येत नाही. हे मी दुसऱ्या कुणालाही दोन मिनिटांत पटवून दिलं असतं. पण मी दोन्ही हातांनी कुंडीतली माती उकरत होते, वरचा थर ओंजळीने काढून नमुन्यांसाठी जवळ ठेवलेल्या प्लास्टिकच्या पिशव्यांत भरत होते, आणि रडत होते.

काकू थोडा वेळ बघत राहिल्या. मग आत जाऊन बागेतलं लहान फावडं घेऊन आल्या आणि माझ्यासमोर बसल्या. ह्या वयात त्यांना खाली बसताना फार त्रास होतो.

"वरवर काय उकरतेस. खोल गेलं असेल पाणी. सगळी माती घेऊन जा." आणि त्यांनी फावडं बुंध्याच्या कडेने घातलं.

मी त्यांना थांबवलं नाही. मला ती माती हवी होती, इतकंच त्या क्षणी कळत होतं. काकूंनी सगळा जोर लावला. कुंडीच्या तळाशी गोल गोल वाढलेली मुळं तुटल्याचा आवाज आला. झाड एका बाजूला कललं, आणि काकूंनी बुंधा दोन्ही हातांत धरून ओढला. तो वर आला तेव्हा त्यांनी तोंड फिरवलं. रडत होत्या की नाही मला दिसलं नाही.

तेव्हा मी त्यांचा हात धरला. "पुरे, काकू. राहू द्या. त्यात काही सापडणार नाही."

"नाही?"

"नाही."

आम्ही दोघी डेकवर बसून राहिलो. मधे वाळूचे ढीग, बाजूला उघड्या मुळांचं झाड. तिथे बसून मी काकूंना पहिल्यांदा माझं काम सांगितलं. झाड साखर कशी करतं, खाली कशी पाठवतं, धागे पाणी कसे आणतात, सगळं. वरून बघणाऱ्याला काही दिसत नाही पण खाली सगळं चालू असतं, असं म्हणाले. काकू शाळेतल्या मुलीसारख्या ऐकत होत्या. एवढ्या वर्षांत माझं इतकं लक्ष देऊन कुणी ऐकलं नव्हतं, आणि ते अशा दिवशी व्हावं याचा मला संताप आला.

"मग ती बुरशी आता ह्या मातीत आहे ना?" त्यांनी विचारलं.

"असेल थोडी."

"मग ह्याला पाणी आणून देईल की ती. पुन्हा लावला तर जगेल."

ओकची बुरशी कढीपत्त्याच्या मुळांशी जमवून घेत नाही. त्याची बुरशी वेगळी, तिचा संसार वेगळा. शिवाय कुंडीत गेलेली मेलीच असणार. अर्धवट माहितीवर कुणी काही ठोकून दिलं की मी भर मीटिंगमध्ये भांडलेली बाई आहे. लोक मला त्यासाठी टरकतात.

"जगेल," मी म्हटलं.

काकूंचा चेहरा एकदम उजळला. "बघ. म्हणजे अगदीच वाया नाही गेलं तुझं."

आम्ही झाड परत कुंडीत उभं केलं. मी धरून ठेवलं, काकूंनी माती लोटली. मग त्यांनी वाळू भरली, पिशव्या टाके घालून शिवल्या, चिठ्ठ्या लावल्या आणि मला दिल्या. इतके बारीक टाके मला जन्मात जमले नसते. मी त्या घरी नेल्या. त्या प्राध्यापक बाईला फोन करून काय झालं ते सांगितलं. ती म्हणाली, येण्यात आता अर्थ नाही. बरोबरच होतं तिचं. धुतलेली वाळू कोण तपासणार.

ह्या गोष्टीला आता काही महिने झाले. मी घरी असते. अर्ज करते, कुठून काही येत नाही. राईच्या जागी पांढऱ्या भिंती उभ्या राहिल्या आहेत. वरची सगळी माती खरवडून कुंपणाशी तिचा डोंगर केला आहे, त्यावर रानगवत माजलंय. त्यातला कर्ब राहिला की उडाला, कुणाला ठाऊक. मला तर आता कधीच कळणार नाही. लेकीने त्या रस्त्याने गाडी चालवताना विचारलं, "मॉम, वॉज इट हिअर?" मी हो म्हटलं आणि तिला लेन बदलायला सांगितलं.

काकूंच्या कढीपत्त्याची पानं पंधरवड्यातच गळली. थंडी पडायच्या आत मी आणि नवऱ्याने कुंडी उचलून खिडकीशी ठेवली. नुसती काठी उरली आहे. परवा काकू चहा करायला आत गेल्या तेव्हा मी नखाने बुंध्याची साल जराशी खरवडून बघितली. आत हिरवं असेल तर झाड जिवंत. वर खरवडलं, मधे खरवडलं, पार मातीलगत खरवडलं. सगळीकडे कोरडं, तपकिरी.

काकू कप घेऊन आल्या. येताना तांदळाच्या धुवणाचं पातेलंही आणलं होतं. ते त्यांनी कुंडीत हळूहळू ओतलं, पाणी जिरेपर्यंत उभ्या राहिल्या, आणि मग माझ्याकडे बघितलं.

"वर काही दिसत नाही," त्या म्हणाल्या. "पण खाली चालू असेल ना गं?"

माझ्या नखात साल अडकली होती. मी मूठ मिटली.

"हो काकू. खाली चालू असेल."